बरणीतली कुना

३१ डिसेंबर २०२५ नंतर क्रोएशियाची राष्ट्रीय बँक कुना या युरोआधीच्या जुन्या चलनाची नाणी बदलून देणार नव्हती. नोटांना मुदत नाही, नाण्यांना होती. म्हणून त्या महिन्यात आमच्या घरमालकीण मावशींनी काचेची मोठी बरणी टेबलावर उपडी केली आणि मला मोजायला बसवलं.

१ कुनावर नाइटिंगेल पक्षी, २ वर ट्यूना मासा, ५ वर अस्वल. विषम सालच्या नाण्यांवर त्या जीवाचं नाव क्रोएशियनमध्ये, सम सालच्या नाण्यांवर लॅटिनमध्ये. मावशी भिंग घेऊन एकेक कुना तपासत होत्या. ‘स्लावुय’, म्हणजे क्रोएशियनमध्ये नाइटिंगेल, असं लिहिलेलं, कमीत कमी झिजलेलं एक नाणं त्यांनी बाजूला काढलं. बाकीची सगळी साडेसात कुनाला एक युरो या भावाने जाणार होती.

मला राहवलं नाही. “२०१२ च्या सार्वमतात तुम्हीच युरोपीय संघाला हो म्हणालात ना? मग आता जीव कशाला अडकतो?”

मावशी चिडल्या. “हो म्हटलं. आजही म्हणेन. म्हणून हे फेकून देऊ?”

मीही मग इरेला पेटलो. पाकिटातली दहाची नोट काढून मागची भाषांची पट्टी दाखवली. पंधरा भाषा, त्यात मराठीही आणि कोकणीही. आमच्याकडे एका नोटेवर सगळे नांदतात, असं जरा जोरातच सांगितलं. त्यांनी भिंगातून ती पट्टी निरखून पाहिली आणि विचारलं, “तुम्हाला कुणी कधी विचारलं होतं?”

विचारलं होतं. १६ जानेवारी १९६७, गोव्याचा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. म्हापशात आमच्या आजोबांनी फुलावर शिक्का मारला. फूल हरलं. आजोबा शेवटपर्यंत मराठी पेपरच वाचत राहिले. दोन पानवाल्यांचं मन कोतं, हे मी त्यांच्या मांडीवर बसून ऐकलेलं आणि काल-परवापर्यंत खरं मानलेलं. पानवाले भारतात राहायला कुठे नाही म्हणत होते? त्यांना फक्त आपलं गोवेपण शाबूत हवं होतं. आजोबा असते तर मी हे त्यांना तोंडावर सांगितलं असतं. घरचे वाचून रागावतील, रागावू देत.

मावशींनी नवं १ युरोचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. त्यावर कुना हा प्राणीच कोरलाय, ज्याच्या कातड्याने इथे एकेकाळी कर भरायचे. मग स्लावुयचं नाणं पदराला पुसावं तसं स्वेटरला पुसून त्यांनी रिकाम्या बरणीत टाकलं आणि झाकण घट्ट लावलं.