मे महिन्यात खंगलेला, जानेवारीत बंद पडलेला संगणक

जुना संगणक सुरू होत नाही म्हटले की दुरुस्तीच्या दुकानात पहिला निकाल बहुधा ‘मदरबोर्ड गेला’, म्हणजे आतली मुख्य सर्किटपट्टी निकामी झाली, असाच मिळतो. अमळनेर तालुक्यात राहणाऱ्या आमच्या आप्पांनाही यंदाच्या जानेवारीत हेच सांगण्यात आले, आणि सोबत नवा घेण्याचा सल्लाही. आप्पांना नवा नको होता, कारण भजनी मंडळाचे सारे कागद त्यांनी युनिकोडपूर्व (सगळ्या संगणकांवर मराठी एकसारखी दिसू लागण्याआधीच्या) काळातल्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेले आहेत आणि ते धड उघडतात ते त्याच विंडोज एक्सपीवर. संगणकाचा डबा उघडण्याआधी मी त्यांना एवढेच विचारले, “आप्पा, हा दिवसभरात कधीच सुरू होत नाही का?”

“दुपारी एखाद्या वेळी होतो रे. सकाळी मात्र कितीही बटण दाबा, पंखा जरासा हलतो आणि थांबतो.”

निम्मे निदान या उत्तरातच होते. जळालेला मदरबोर्ड सहसा सकाळ-दुपार पाहत नाही. थंडीशी वाकडे असते ते इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे, म्हणजे वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या छोट्या नळकांड्यांसारख्या भागाचे. त्याच्यातला द्रव उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातो, त्यामुळे त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि हवा गार झाली की हा रोध आणखी चढून वीजपुरवठा डळमळीत होतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की कॅपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा स्लॅबखालच्या खोलीत, बंद डब्याच्या आत काय होत असेल याचा अंदाज खानदेशी माणसाला वेगळा सांगायला नको. नुकसान उन्हाळ्यात होते आणि तक्रार थंडीत येते, म्हणून उन्हाळ्याचे नाव कोणी घेत नाही.

तरीही तपासणी बाहेरूनच सुरू करावी. भिंतीवरच्या बोर्डाचे सॉकेट, वायर, स्टॅबिलायझर, डब्यामागचे छोटे बटण यांत दोष नाही याची खात्री करून मगच स्क्रू काढावेत, आणि तेही प्लग उपसून. डब्याला हात लागताच मुंग्या येत असतील तर घराचे अर्थिंग आधी पाहावे; जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नसते.

आप्पांचा डबा उघडला तेव्हा एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या आतल्या पेटीच्या, जाळीवर धूळ आणि कापसाचे तंतू मिळून नमद्यासारखा थर जमला होता, आणि तो चिमटीत धरून ओढल्यावर सलग निघून आला. भाव वाढेल या आशेने कापूस घरातच रचून ठेवला जातो आणि संगणकही त्याच खोलीत असतो. एसएमपीएसचा पंखा डब्यातली गरम हवा ओढून बाहेर टाकतो, त्यामुळे सगळे तंतू तिथेच येऊन अडकतात आणि ज्या भागाला वाऱ्याची सर्वांत जास्त गरज असते त्याचाच श्वास कोंडतो.

पुढचे काम साध्या मल्टिमीटरचे. संगणक बंद असला तरी प्लग चालू असताना एसएमपीएसच्या जांभळ्या वायरवर, काळ्या वायरच्या तुलनेत, ५ व्होल्ट मिळायला हवेत. पाच टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे ४.७५ ते ५.२५. आप्पांकडे सकाळी आकडा साडेचारच्याही खाली होता आणि दुपारी तोच पाचच्या जवळ गेला. दुसरी चाचणी अशी: प्लग काढून एसएमपीएस मदरबोर्डापासून सोडवावा, भार म्हणून जुना सीडी ड्राइव्ह जोडावा, मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळ्या वायरला तारेच्या तुकड्याने जोडावी आणि मग प्लग चालू करावा. पंखा फिरून पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट आले नाहीत, तर मदरबोर्डावर आरोप करण्याचे कारण उरत नाही. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट साठून राहू शकतात, आणि नवा एसएमपीएस काही इतका महाग नसतो की त्यासाठी जीव धोक्यात घालावा.

एसएमपीएस निर्दोष निघाला तर मात्र शोध पुढे न्यावा लागतो. रॅम (मेमरीची पट्टी) काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने हलके घासावीत, मदरबोर्डावरचा ३ व्होल्टचा सीआर २०३२ हा चपटा सेल बदलावा आणि प्रोसेसरभोवतीच्या कॅपॅसिटरांची टोपणे फुगली आहेत का ते पाहावे. साधारण २००० ते २००७ या काळातल्या अनेक मदरबोर्डांवर सदोष कॅपॅसिटर बसवले गेले होते, त्यामुळे त्या वयाच्या यंत्रात ही शक्यता खरी असते.

आप्पांचा संगणक नव्या एसएमपीएसवर गार सकाळीही एका दाबात सुरू झाला. पहिले काम म्हणून भजनांचे सगळे फोल्डर, फॉन्टच्या फायलींसह, पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. ज्यांचा मदरबोर्ड खरोखरच गेला असेल त्यांनीही डबा भंगारवाल्याला देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून ठेवावी; डिस्कच्या जोडणीचे साटा (नवी) आणि आयडीई (जुनी) असे दोन प्रकार असतात, जशी असेल तसा यूएसबी कन्व्हर्टर घेऊन ती लॅपटॉपला जोडता येते, आणि डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कला, साटा असो वा आयडीई, वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो, तो कन्व्हर्टरसोबत आहे ना हे दुकानातच पाहून घ्यावे.