पेशंट पळून जाणार नाही, ठीक आहे, पण बाकीचं काय?

आमच्या बेळगाव-खानापूर भागात घरातलं कोण विचित्र वागायला लागलं की आधी दृष्ट काढतात, मग अंगारा, मग गल्लीतला डॉक्टर झोपेची गोळी देतो, आणि एका रात्री सगळं हाताबाहेर गेलं की मग धावाधाव, "ठेवायची जागा" कुठं आहे बघा म्हणून. निपाणीकडचे लोक मिरज-कोल्हापूर गाठतात, आमच्याकडचे बेळगावात सिव्हिलला नाहीतर धारवाडला डिमहान्स या सरकारी मानसिक रुग्णालयात जातात. आणि तिथं खाट मिळेपर्यंत दम नसतो किंवा चारचौघांना कळायला नको असतं ते कुठल्यातरी खाजगी सेंटरला. बऱ्याचदा ते व्यसनमुक्ती केंद्रच असतं, दारू सोडवायला आलेले आणि नसलेले आवाज ऐकू येणारे सगळे एकाच हॉलमध्ये.

मावसभावासाठी अशा जागा बघत हिंडलो तेव्हा मामा सगळीकडं एकच प्रश्न विचारायचे, "हितनं पळून जाणार न्हाई न्हवं?" आणि तिथला माणूस कौतुकानं सांगायचा, "गेटला डबल कुलूप हाय की मामा, तुमी निवांत ऱ्हावा." मामांचं समाधान व्हायचं. एका ठिकाणी मी विचारलं की रात्री किल्ली कुणाकडं असते, तर म्हणाला वार्डन घरी घेऊन जातो, लांब नाही, जवळच राहतो. म्हणजे रात्री आत शॉर्टसर्किट झालं तर आधी वार्डनला फोन, मग तो उठणार, चप्पल घालणार, गाडी काढणार, तोपर्यंत आत माणसं काय करणार?

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीला दर्ग्याच्या जवळच्या, मनोरुग्ण ठेवायच्या एका खाजगी शेडला पहाटे आग लागली आणि २८ पेशंट गेले, कारण त्यांना साखळीनं बांधून ठेवलेलं होतं. त्यांच्या घरच्यांनी पण ठेवताना पळून जाणार नाही ना हेच बघितलं असेल असं मला वाटतं. सुप्रीम कोर्टानं त्याची स्वतःहून दखल घेतली. आज २०१७ चा मेंटल हेल्थकेअर कायदा आहे, त्यात कुठल्याही प्रकारे साखळी-बेडी घालायला सरळ बंदी आहे. केंद्राचा कायदा आहे तो, त्यामुळं पेशंट सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडं ठेवा की पलीकडं, नियम तेच. सीमाप्रश्न निदान इथं तरी आडवा येत नाही.

पेशंट स्वतःला किंवा दुसऱ्याला लगेच इजा करेल आणि ती टाळायला दुसरा काहीच मार्ग नसेल, तरच त्याला धरून किंवा बांधून ठेवता येतं, ते पण तिथल्या सायकियाट्रिस्टच्या परवानगीनं, गरजेपुरतंच, आणि कधी का कसं हे सगळं लिहून ठेवायचं. शिक्षा म्हणून नाही चालत. आणि आज स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही चालत, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय, ते वाचून मला बरं वाटलं कारण खरं कारण बहुतेक वेळा तेच असतं. एकट्याला खोलीत कोंडून ठेवायला तर बंदीच आहे.

त्यामुळं माझं म्हणणं इतकंच की भिंत किती उंच ते नंतर बघा, आधी बाथरूम बघा. खरंच. ऑफिसमध्ये फॅनखाली बसून सगळ्या जागा चांगल्या वाटतात. बाथरूमची कडी गरज पडली तर बाहेरनं काढता येते काय, पाणी चोवीस तास आहे काय, बायकांच्या वार्डात पॅड मिळतात काय. हे शेवटचं कुणी विचारतच नाही, पण कायद्यात नाव घेऊन आहे. औषधं कुलपात असतात की टेबलावर डब्यात, ब्लेड-कात्री कुणाच्या ताब्यात, खिडक्या-पंखे पेशंटचा विचार करून बसवलेत काय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रात्री दोन वाजता जागं कोण असतं. दिवसा सगळीकडं चार माणसं दिसतात. रात्री एक पोरगा, तो पण मोबाईल बघत बसलेला, आणि चाळीस पेशंट, असं असेल तर भिंत कितीही उंच असू दे.

एका जागी सगळ्यांचे केस सरसकट बारीक मारलेले आणि अंगात एकसारखे निळे ड्रेस, मावशीला ते बघून रडूच आलं. उवा होतात म्हणून करतो म्हणाले. जबरदस्तीनं केस काढता येत नाहीत आणि स्वतःचे कपडे घालायचे असतील तर युनिफॉर्मची सक्ती करता येत नाही, हे पण त्याच कायद्यात आहे. मी तिथं वाद घातला नाही, उठून आलो. तसंच ते "पहिला महिना भेटायचं नाही, फोन नाही" प्रकरण. वेळेचे नियम ठेवू देत, पण भेट आणि फोन हा पेशंटचा हक्क आहे, आणि जिथं महिनाभर नातेवाईकाला आत घेत नाहीत तिथं महिनाभर काय चालतं हे कुणाला कळणार?

या कायद्याखालचं सेंटरचं रजिस्ट्रेशन बघायला मागा. व्यसनमुक्तीवाले म्हणतात आम्हाला ते लागत नाही, पण दारू-ड्रग्जमुळं होणारे मानसिक त्रास या कायद्याच्या व्याख्येतच येतात. पेशंटची स्वतःची तयारी नसताना ॲडमिट करायचं तर दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक सायकियाट्रिस्ट, दुसरा मानसिक आरोग्यातला तज्ज्ञ किंवा साधा डॉक्टर, आणि ते जास्तीत जास्त तीस दिवस, पुढं वाढवायचं तर वेगळी प्रोसिजर. सहा महिन्याचे पैसे आगाऊ भरा म्हणणाऱ्याला हे जरूर विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो. आणि अगदी अडचणीच्या रात्री कुठं जायचं कळत नसेल तर आधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ लावा, फुकट आहे, निदान समोर बोलणारं माणूस मिळतं.

राहिला फॉर्म. आमच्याकडं फॉर्म कन्नडमध्ये, नाहीतर इंग्लिशमध्ये, आणि मावशीला दोन्ही येत नाही. लोक "हितं सही करा" म्हटलं की करतात. पण पेशंटला आणि त्याच्या माणसाला कळेल अशा भाषेत सगळं सांगायची जबाबदारी डॉक्टरची आहे, तीसुद्धा कायद्यानं. शेवटी जिथं ठेवलं तिथं मी तसं म्हटल्यावर त्यांनी चिकोडीकडची एक सिस्टर बोलावली, तिनं पान अन् पान मराठीत सांगितलं, गोळ्या कुठल्या, त्यानं काय होतं, घरी कधी सोडणार. मावशी आधी गप्प होती. मग तिनं विचारायला जी सुरुवात केली, रात्री भूक लागली तर काय देता, त्याची चादर आणली तर चालेल काय, त्याला अंधारात झोप लागत नाही तर लाईट चालू ठेवाल काय. सिस्टरनं ते सगळं फाईलमध्ये लिहून घेतलं आणि मगच मावशीनं सही केली.