पगार झाला, उधार गेला

सोमवार, रात्री

आज हात टेकले. ताईच्या निवृत्तीचं गाणं माझ्याच्याने लिहून व्हायचं नाही. चाल माझीच आहे, दीड वर्षापासून पेटीवर वाजवतोय, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण शब्द लिहायला बसलो की पेनातून आपोआप सत्कारपत्र उतरतं. त्यागमूर्ती काय, सेवाव्रती काय. शाल-श्रीफळ तेवढं राहिलं.

एक ओळ मला बरी वाटत होती, ‘कर्तव्याची तू ज्योती’. मात्रा मोजल्या, बरोबर भरल्या. खुशीत गाऊन रेकॉर्ड केली. पण अंतऱ्यात पहिल्या सुरानंतर छोटा विसावा आहे, त्यामुळे ऐकताना आलं: ‘कर… तव्याची तू ज्योती’. बायको आतून म्हणाली, “तव्याची कसली ज्योत?” विषय संपला.

मोबाइलवरच्या ॲपलाही लिहायला सांगून पाहिलं. त्याने चार सेकंदांत तीन कडवी दिली, आणि तिन्हीत तारे होते. आता पैसे देऊन गीतकार शोधायचा. हे लिहिताना जरा लाज वाटतेय, का ते कळत नाही. शिंप्याकडे जाताना वाटत नाही.

गुरुवार

दोघांशी बोललो. पहिल्याने चाल ऐकायच्या आधीच दर सांगितला आणि ‘नमुना’ पाठवला. नमुन्यात ‘ताई’च्या जागी ‘आई’, ‘बाबा’, ‘गुरुजी’ काहीही बसलं असतं. मला वाटतं बसवलंही असणार.

दुसऱ्या बाई. आधी चाल मागितली. मी पेटीवर वाजवून पाठवली, तर म्हणाल्या, “पेटी नको. गाऊन पाठवा, आणि ला-ला-लासुद्धा नको. तोंडाला येतील ते निरर्थक शब्द घाला. तुमची जीभ कुठे जोर देते, कुठे लांबवते, ते मला त्यातून कळतं.” याला त्या डमी म्हणतात. बीटल्स बँडच्या पॉल मॅकार्टनीला ‘येस्टरडे’ या गाण्याची चाल आधी सुचली तेव्हा शब्द सापडेपर्यंत तो त्यावर ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ म्हणायचा, हे मी कधीतरी वाचलं होतं. पण तो गंमतीचा किस्सा नसून कामाची पद्धत आहे हे आज कळलं.

बाथरूममध्ये उभं राहून जे तोंडाला आलं ते गायलो: ‘पगार झाला उधार गेला’. दोनदा. पाठवून दिलं. महिनाअखेर आहे, दुसरं काय येणार.

शनिवार

मॅडमचा फोन, पाऊण तास. मी आधीच यादी करून ठेवली होती: हॉस्पिटलात तेहतीस वर्षं नोकरी, कुठकुठले वॉर्ड, बरोबरच्या चौदा जणींची नावं, दोन मानपत्रं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ध्रुवपद आणि दोन अंतरे, सगळे मिळून पन्नास-साठ शब्द होतील. यादी भाषणात वाचा. मला एवढंच सांगा, ताई रात्रपाळीहून घरी आल्या की पहिलं काय करायच्या?”

मी म्हटलं, झोपायच्या. “त्याच्या आधी?” चहा. “त्याच्याही आधी. दारात.”

आणि मग मला कडी आठवली. मी अकरा-बारा वर्षांचा असेन. ताई पहाटे यायची. आमच्या दाराची कडी लोंबती, हात लागला की खणकन वाजायची. ती आधी कडीला रुमाल गुंडाळायची, मग दार ढकलायची, आणि आत आल्यावर रुमाल सोडून घडी घालून पर्समध्ये ठेवायची. चपला हातात. मी पांघरुणातून एका डोळ्याने बघत असायचो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

पलीकडून टाइप केल्याचा आवाज येत होता. “झालं,” मॅडम म्हणाल्या, “आता मानपत्रं नकोत.”

सोमवार

आज व्यवहाराचं. एका पानाचा करार आला. निम्मे पैसे आधी, निम्मे अंतिम शब्द मिळाल्यावर. दोन वेळा दुरुस्ती त्याच पैशात, तिसऱ्या वेळेपासून जादा. “दुरुस्ती म्हणजे ओळी बदलणं. ताईंऐवजी आता साहेबांवर करा म्हणालात तर ते नवीन गाणं,” हे त्यांनी हसत सांगितलं, पण करारातही ते कलम आहे म्हणजे कुणीतरी कधीतरी म्हणालेलं असणार.

मला वाटलं होतं पैसे दिले की शब्द आपले. बहुतेक ठिकाणी तसं नसतं. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, आणि उद्या रेकॉर्डिंग केलं तर त्याचा तिसराच. मला शब्द गायची परवानगी हवी की सगळा हक्कच लिहून हवा, तो फक्त समारंभापुरता की पुढे नेटवर टाकण्यासाठीही, यावर रक्कम ठरते. मी समारंभ आणि घरगुती वापर एवढंच घेतलं. मला काय अल्बम काढायचाय?

मग घसा खाकरून खरं ते विचारलं. तुमचं नाव नाही सांगितलं तर चालेल का? म्हणजे भावानेच लिहिलंय असं झालं तर बरं दिसेल.

त्या अजिबात चिडल्या नाहीत. बिननावाचं लिहिणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे, त्याचा दर जास्त, आणि तेही लेखी. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की, लेखक-कलावंतांच्या हक्कांचा १८८६ चा बर्न करार म्हणून एक आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात १९२८ साली कलम घातलं गेलं, त्यानुसार हक्क विकला तरी ‘हे मी लिहिलंय’ म्हणण्याचा लेखकाचा अधिकार शिल्लक राहतो. “म्हणून मी गप्प बसायचं तर ते वेगळं ठरवावं लागतं. ठरवू. पण ताईंनी तुम्हाला विचारलं, तर खोटं तुम्हाला बोलायचंय, मला नाही.”

उद्या सांगतो म्हटलं.

मंगळवार

नाव राहू द्या असं कळवलं. जास्तीचे पैसे वाचले हे एक कारण. दुसरं कारण लिहायचा कंटाळा आलाय.

रविवार

पहिला खर्डा आला. ध्रुवपद असं:

कडीस सुद्धा कळू न देता
घरात आली पहाट हळूच

वाचून मी खुर्चीतून उठून गॅलरीत गेलो. परत येऊन पेटी काढली.

आणि अडकलो. ओळीच्या शेवटी माझी चाल वरच्या षड्जावर जाऊन थांबते, तिथे लांब सूर आहे. ‘हळूच’चा ‘च’ तिथे धरताच येत नाही. धरायला गेलो की ‘हळूऽऽऽ’ होतं आणि शेवटी ‘च’ दार आपटल्यासारखा येतो. नेमक्या याच गाण्यात! कागदावर सुंदर, सोळा मात्रा चोख. चार वेळा गाऊन पाहिलं. एवढ्या जाणत्या बाईंना चूक दाखवायची म्हणजे धाडसच, पण करारात दुरुस्ती आहे ना. गाऊन पाठवलं.

वीस मिनिटांत फोन. हसत होत्या. “अहो, तुम्ही तर मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ‘पगार झाला उधार गेला’. शेवटी ‘ला’. तुमच्या तोंडाला तिथे ‘आ’ हवाय. मी ‘हळूच’च्या प्रेमात पडले आणि डमी विसरले.”

तासाभरात नवी ओळ:

कडीस सुद्धा कळू न देता
घरात आला पहाटवारा

‘पगार झाला उधार गेला’वर ही दुसरी ओळ ठेवून बघा. लघु लघुवर, गुरू गुरूवर, एक अक्षर इकडेतिकडे नाही. ‘रा’वर तोंड उघडं राहतं, हवा तेवढा लांबवा. शिवाय पहाटेपेक्षा वारा बरा, वारा दाराच्या फटीतूनच येतो. तो अर्थ त्यांनी मुद्दाम आणला की यमक शोधताना हाती लागला, विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.

अंतऱ्यात मला एक शब्द आवडला नव्हता, तो तसाच राहू दिला. गाताना सवय होईल.

शुक्रवार, उशिरा

समारंभ झाला. भाषणं लांबली, माईक दोनदा गेला, माझा नंबर येईपर्यंत निम्मे लोक जेवायला गेले होते. ताई पहिल्या रांगेत, मांडीवर सहा पुष्पगुच्छ.

ध्रुवपद पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती बघतच राहिली. रडली वगैरे नाही, तिच्या स्वभावात नाही ते. कपाळाला आठ्या घालून, पेशंट औषध घ्यायला टाळाटाळ करतोय असा चेहरा.

नंतर गाडीत बसताना म्हणाली, “कडीचं तुला काय माहीत? तू तर झोपलेला असायचास.”

“जागा असायचो.”

“रोज?”

“रोज नाही. बरेचदा.”

ती थोडा वेळ पुष्पगुच्छाचा कागद चुरगाळत बसली. “मग रुमाल बांधून उपयोग काय झाला,” म्हणाली. आणि पुढच्या सिग्नलला, “तू लिहिलंस?”

नाही म्हटलं, आणि मॅडमचं नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं.

घरी आल्यावर उरलेले पैसे पाठवले. मॅडमनी पैसे मिळाल्याचं कळवलं आणि खाली विचारलं, ‘वाऱ्या’वर श्वास पुरला का?

पहिल्या वेळी पुरला. शेवटच्या वेळी नाही.