डावीकडचा वायपर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी अडीचच्या सुमारास, सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या वीस-बावीस गाड्यांनी हात वर केलेले मला गॅलरीतून दिसले. सकाळी गाड्या पुसायला येणारा मुलगा काच पुसताना वायपर उचलतो आणि काम झाल्याची खूण म्हणून ते तसेच उभे ठेवून जातो. तापलेल्या काचेवर रबर भाजत पडण्यापेक्षा ते वरच बरे, असे काही मालकांचे म्हणणे आहे; सतत ताणून ठेवल्याने स्प्रिंग ढिली पडते, असे दुसऱ्या पक्षाचे. मी या वादात पडत नाही, कारण निघताना वायपर खाली करायला मी हमखास विसरते आणि पहिल्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला दोन बोटे उभी करून मला त्याची आठवण करून देतो.

त्या दुपारी मात्र आमच्याच गाडीकडे लक्ष गेले. तिचा उजवा हात ताठ होता आणि डाव्या हाताचे रबर पात्यातून सुटून, फाटक्या बाहीसारखे, वीतभर लोंबत होते.

"बघ," शेजारी उभे असलेले बाबा म्हणाले, "मी गेल्या गणपतीपासून सांगतोय. डावीकडून काही म्हणता काही दिसत नाही."

ते सांगत होते हे खरे होते आणि मी ऐकत नव्हते हेही खरे होते. पण माझ्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की वायपर बदलायचा तो उजवीकडचा, हा आमच्या घरातला नियम खुद्द त्यांचाच होता. आमची फिअट (कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी होती, पण घरात तिला त्या नावाने कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही) दर मे महिन्यात पावसाळ्यासाठी सज्ज केली जाई. त्या काळी अख्खे पाते बदलण्याची चैन आमच्याकडे नव्हती. बाबा नुसते रबर विकत आणत, जुन्या रबरातल्या पोलादी पट्ट्या काढून नव्यात सरकवत आणि उरलेले टोक आईच्या शिवणाच्या कात्रीने कापत, ज्यावरून पुढे दोन दिवस घरात बोलणी होत. डावीकडच्या वायपरला मात्र उजवीकडून निवृत्त झालेले रबर मिळे. "बघायचं ते चालवणाऱ्यानं, बाकीच्यांनी डबा सांभाळावा," असा त्यांचा सिद्धान्त होता. आई मांडीवर डबा आणि हातात पिवळे फडके घेऊन डावीकडे बसे, आणि काचेवर आतून धरणारे धुके पुसत राही; बाहेरून जे धूसर होते त्याला तिचा इलाज नव्हता.

फिअटचे पुढचे आसन बाकासारखे सलग होते आणि गिअर स्टिअरिंगपाशी होता, त्यामुळे मला त्या दोघांच्या मधोमध बसता येई. म्हणजे मी नेमकी सीमेवर असे. उजवीकडे पंख्याच्या आकाराचा स्वच्छ रस्ता, डावीकडे पाण्याने फराटलेले हिरवे-करडे काहीतरी, आणि एक डोळा मिटून दुसऱ्याने पाहण्याचा खेळ मी उंब्रजपासून कोयनानगरपर्यंत खेळत असे.

1984 सालच्या जुलैत, चिपळूणला आजीकडे जाताना, कुंभार्ली घाटात वायपरची मोटर बंद पडली. बाबांनी गाडी डोंगराच्या अंगाला लावली, फ्यूज काढून पाहिला, पुन्हा बसवला, आणि मग ज्यांना काही करता येण्यासारखे नसते ते लोक जसे बॉनेटकडे पाहतात तसे बॉनेटकडे पाहत भिजत उभे राहिले. मागून आलेल्या ट्रकचा चालक उतरला. त्याने काही विचारले नाही. चंची सोडली, तळहातावर तंबाखू घेतली आणि ओल्या काचेवर बाहेरून चोळायला लागला. ज्यांनी हा प्रयोग पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. काचेवर थेंब धरेनासे झाले, पाणी सपाट पसरून एकसारखे ओघळू लागले आणि घाट, जरा पिवळट का होईना, दिसू लागला. त्या माणसाला आमच्या घरातला नियम ठाऊक नसल्यामुळे त्याने डावी बाजूही तितक्याच मन लावून चोळली. गाडी पहिल्या वळणावरून खाली उतरली आणि आई म्हणाली, "अगंबाई, इथे धबधबा आहे होय!" त्या रस्त्याने ती लग्नापासून दर पावसाळ्यात जात होती.

बाबांना तंबाखूचा तिटकारा होता. चिपळूणला दारात गाडी थांबल्यावर आजीने वास घेतला आणि मुलाकडे जे पाहिले ते मला अजून आठवते. खुलासा मात्र कोणी केला नाही.

वायपर ही कल्पना मुळात एका प्रवाशाला सुचली, हे मला फार नंतर कळले आणि कळले तेव्हा आईची बाजू एकदम भक्कम झाल्यासारखे वाटले. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असताना ट्रामने चालल्या होत्या. बर्फमिश्रित पावसाने काच झाकली जात होती आणि समोरचे दिसावे म्हणून चालक काच उघडून तो गारठा तोंडावर घेत होता. आतून दांडी ओढली की बाहेर रबराची पट्टी काचेवरून फिरेल, अशी योजना त्यांनी आखली आणि 1903 साली तिचे पेटंट मिळवले. त्यातून त्यांना पैसे काही मिळाले नाहीत. मागे बसणाऱ्याने सुचवलेल्या सुधारणेची अशीच वासलात लागते, हे कोणत्याही घरातल्या डावीकडे बसणाऱ्या व्यक्तीला विचारावे.

तर दुसऱ्या दिवशी मी नाना पेठेत गेले. गाड्यांच्या सुट्या भागांच्या त्या बाजारात पावसाच्या तोंडावर वायपरची पाती दुकानांच्या दाराशी पडवळासारखी टांगलेली असतात. दुकानदाराने गाडीचे मॉडेल आणि साल विचारले आणि मी आकार सांगण्याआधीच "उजवा बावीस, डावा अठरा" असे म्हणून तो शिडीवर चढला. इंच म्हणायची गरज त्याला वाटली नाही. फ्रेमचा की फ्लॅट, एवढेच काय ते माझ्या मर्जीवर सोडलेले होते. फ्रेमच्या पात्याला कमानींचा सांगाडा असतो आणि त्या कमानी रबराला जागोजागी काचेवर दाबतात. फ्लॅटमध्ये सांगाडा नसून आतली वाकवलेली पोलादी पट्टी तो दाब सगळीकडे सारखा वाटते. फ्लॅट दिसायला देखणा, महाग आणि गाडी वेगात असताना वाऱ्याने कमी उचलला जाणारा. सांगाड्याच्या सांध्यांत धूळ आणि पिंपळाची सुकलेली पाने अडकतात, हे मी स्वतः टाचणीने काढून पाहिलेले असल्यामुळे फ्लॅट घेतले. दुकानदाराने सवयीने विचारले, "एकच देऊ की जोडी?" हा प्रश्न तो विचारतो याचा अर्थ आमच्यासारखी घरे पुण्यात बरीच असावीत.

जोडी म्हणताना मला थोडे अपराधी वाटले.

पाती मी स्वतः बसवली. या कामात बुद्धी फारशी लागत नाही, पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: जुने पाते काढल्यावर आकड्यासारखा वळलेला उघडा दांडा वर उभा राहतो, आणि तो हातातून सुटला तर स्प्रिंगच्या जोराने आपटून काचेला तडा जातो. म्हणून काचेवर आधी जुनी चादर घडी करून टाकावी. चादर बाबांनी धरली. नवे पाते आकड्यात सरकवून ओढले की खट्ट असा आवाज येतो, जो ऐकल्यावर आपल्याला यंत्रातले कळते असा समज संध्याकाळपर्यंत टिकतो. जुने रबर मी बोटाने वाकवून पाहिले. चांगल्या रबराची कड प्रत्येक फेरीच्या शेवटी कूस बदलते आणि नेहमी मागे कलून, पाण्याला ओढत जाते; उन्हाने ते कडक झाले की कूस बदलायचे विसरते आणि मग काचेवरून न सरकता, उड्या मारत, खर्रर्र असा ओरडा करत फिरते. त्या ओरड्यात कधी कधी काचेवरच्या तेलकट थराचाही वाटा असतो, म्हणून बाबांनी साबणाच्या पाण्याने काच दोनदा धुतली. डावी बाजू त्यांनी तिसऱ्यांदा धुतली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चिपळूणला निघालो. उंब्रजपर्यंत नुसती रिमझिम होती आणि वायपर थांबत थांबत फिरत होते. थांबून पुसणारा हा वायपर घडवणाऱ्या रॉबर्ट कर्न्स यांचा डावा डोळा 1953 साली, लग्नाच्या रात्री, शँपेनच्या बाटलीचे बूच लागून जवळजवळ गेला होता. पापणी जशी सतत न हलता मधूनच लवते तसा वायपर का लवू नये, असे त्यांना त्यावरून सुचले. हे मी बाबांना सांगितले. त्यांनी "हो का," म्हटले आणि समोर पाहत राहिले.

कोयनानगर मागे पडल्यावर पाऊस भरून आला. घाट उतरू लागलो. दोन्ही पाती आवाज न करता, एका लयीत, काच कोरडी करत होती. उजवीकडच्या आणि डावीकडच्या काचेत मला तसूभर फरक दिसत नव्हता. आईच्या धबधब्याचे वळण आले तशी मी गाडी हळू केली.

"बाबा, आता दिसतंय ना?"

त्यांनी मान थोडी पुढे काढली. चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला.

"अजून जरा धूसरच आहे गं," ते म्हणाले. "रबर नीट बसलं नसेल."

मी वायपरचा वेग एका खाचेने वाढवला.