‘स्लाइट’ म्हणजे किती?

त्रिनिदाद बेटावरच्या पोर्ट ऑफ स्पेनच्या हॉटेलात पहिल्या सकाळी नाश्त्याला कॉर्नफ्लेक्स होते. शिवाय पॅनकेक, त्यावर ओतायला पाक, उकडलेली अंडी, कलिंगडाच्या फोडी आणि टोस्टरपुढे रांगेत उभे असलेले आमच्यासारखेच पाहुणे. हाच नाश्ता चार दिवसांपूर्वी न्यू जर्सीत लेकीच्या घरी झाला होता. तिथे निदान पायात चपला न घालता करता आला होता.

सहल लेकीनंच ठरवली. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून. ‘‘कुठे जायचंय?’’ असं तिनं विचारल्यावर हे एका क्षणात ‘‘वेस्ट इंडीज’’ म्हणाले. समुद्रबिमुद्र काही नाही, कारण एकच, १९७१. हे तेव्हा आठवीत होते. मार्च महिन्यात पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं, सरदेसाईंनी ११२ काढल्या आणि गावसकर नावाच्या नव्या पोरानं पदार्पणातच ६५ आणि नाबाद ६७. हे आकडे माझ्याही पाठ झालेत, कारण संसारात काही गोष्टी न विचारता पाठ होतात. त्यामुळे दुपारी ओव्हलच्या फाटकाशी आम्ही अर्धा तास होतो. ह्यांनी गज धरून आत पाहिलं, मी सावली धरून बाहेर.

मला खायचं होतं. माझं माहेर मालवणचं, सासर कोल्हापूरचं, त्यामुळे परक्या गावात गेलं की देवळाआधी मंडई बघायची सवय आहे. हॉटेलात त्या रात्री ‘कॅरिबियन नाइट’ होती. ढोलाच्या आकाराची भांडी वाजवत होते, ती सुंदर. स्टीलपॅन हे वाद्य याच बेटानं जगाला दिलेलं. जेवायला होतं जर्क चिकन. मी मन लावून खाल्लं आणि लेकीला फोटोही धाडला, ‘अस्सल इथलं’ म्हणून.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीवाल्याला हे अभिमानानं सांगितलं. पन्नाशीचा गृहस्थ, नाकडोळे पाहून आपल्या बलियाचा किंवा छपऱ्याचा वाटावा. तो इतका हसला की गाडी बाजूला घेतो की काय असं वाटलं. ‘‘आंटी, ते जमैकाचं! जमैका इथून कुठे आहे ठाऊक आहे का?’’ मी रात्री नकाशा काढून पाहिला. कोल्हापूर ते दिल्ली जेवढं, त्याहून लांब. म्हणजे कोल्हापुरात येऊन कुणी छोले-भटुरे खावेत आणि घरी कळवावं, अस्सल महाराष्ट्रीय.

मग त्यानंच आमची सूत्रं हातात घेतली. ‘‘उद्या सहाला तयार राहा. हॉटेलात काही खाऊ नका.’’

सकाळी सहाला क्युरेपच्या चौकात एक छोटी गाडी, वर छत्री, आणि भोवती ऑफिसचे कपडे केलेली, शाळेचे गणवेश घातलेली, रात्रपाळी संपवून आलेली माणसं. एकही पाहुणा नाही. विकणाऱ्याचा हात चालला होता. कागदावर दोन मऊ, पिवळसर, तळहाताएवढ्या पुऱ्या, त्यांना बारा म्हणतात. वर काबुली चण्याचा रस्सा, चिंचेची चटणी, काकडीचा कीस, कुचेला म्हणजे किसलेल्या कैरीचं लोणचं, आणि कागदाला पीळ देऊन हातात. याचं नाव डबल्स. १९३६ मध्ये प्रिन्सेस टाउनमध्ये एमामूल दीन यांनी हा धंदा सुरू केला असं सांगतात. आधी एकच बारा असायचा, गिऱ्हाइकं ‘डबल कर’ म्हणायला लागली आणि तेच नाव पडलं. पुऱ्यांत हळद असते, आणि त्या इतक्या मऊ असतात की उचलल्या की चण्यांसकट मनगटाकडे निघतात. उभ्यानं, कागदात तोंड घालून खायचं. साडीवर सांडलं तर ती आपली चूक.

माझी पाळी आली तेव्हा त्यानं मान वर न करता विचारलं, ‘‘पेपर?’’

मिरची घालू का, एवढाच प्रश्न. आजूबाजूचे सगळे ‘स्लाइट’ म्हणत होते. धिप्पाड माणसं, खांद्यावर फावडं टाकलेली, आणि म्हणतायत स्लाइट, म्हणजे जराशी. मी कोल्हापूरची. चाळीस वर्षं तांबडा रस्सा वाढलाय. म्हटलं, ‘‘भरपूर.’’

टॅक्सीवाला म्हणाला, ‘‘आंटी, नको.’’ हे म्हणाले, ‘‘अगं, ऐक त्यांचं.’’ मी दोघांकडेही दुर्लक्ष केलं.

आपल्या तिखटाची एक रीत असते. ते आधी जिभेला कळतं, मग कानाला, मग डोळ्यांत पाणी येतं आणि माणूस म्हणतो, वा. इथली मिरची फळासारखी वास मारते, जर्दाळूसारखी, आणि दोन घास अगदी गोडीगुलाबीनं जातात. तिसऱ्याला मी हॉटेलचं नाव विसरले. याच बेटाच्या दक्षिणेला मोरुगा नावाचं गाव आहे आणि तिथल्या ‘मोरुगा स्कॉर्पियन’ला २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या संशोधकांनी जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं होतं. पुढे तिला मागे टाकणाऱ्या निघाल्या. ही माहिती ह्यांनी मला फोनवरून वाचून दाखवली, मी फुटपाथच्या कडेला बसून दुसऱ्याच्या हातातलं नारळपाणी पीत असताना. विकणाऱ्यानं या सगळ्या प्रकाराकडे एकदाच पाहिलं आणि पुढच्याला विचारलं, ‘‘पेपर?’’

त्या दिवसापासून टॅक्सीवाला माझ्याकडे जरा आदरानं पाहू लागला, किंवा काळजीनं.

पुढे त्यानं आम्हाला दक्षिणेला डेबे इथे नेलं. रस्त्याकडेला टपऱ्याच टपऱ्या. वाटेत त्याचं बोलणं ऐकताना माझे कान टवकारत होते. डाळ ‘चंके’ करायची, म्हणजे छौंक, म्हणजे आपली फोडणी. वांगं भाजून करतात तो ‘बैगन चोका’. भोपळ्याची ‘तल्कारी’. तवा म्हणजे तवा. जिऱ्याला ‘गीरा’. तिथे दांत्यांची लांब पानं सगळ्यात घालतात, वास कोथिंबिरीचाच पण चढ्या आवाजात. त्याला दुकानांत ‘शॅडो बेनी’ म्हणतात आणि त्याच्या आजीचा शब्द ‘बंधनिया’. बन-धनिया, रानकोथिंबीर! त्याला हिंदीचं एक वाक्य येत नव्हतं, पण स्वयंपाकघर जसंच्या तसं शाबूत होतं. ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ जहाज कलकत्त्याहून पहिली सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन इथे लागलं. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना हात हवे होते. करारावर माणसं आणणं १९१७ पर्यंत चाललं, आणि बहुतेक सगळी उत्तर प्रदेश-बिहारकडची. भाषा तिसऱ्या-चौथ्या पिढीत गळून गेली. फोडणी राहिली.

डेबेला एका टपरीवर ‘सहीना’ नावाचं काहीतरी होतं. बाईनं कागदावर ठेवलं आणि मी ओरडलेच, ‘‘अहो, अळूवडी!’’ अळूच्या पानांना डाळीचं वाटण थापून केलेली गुंडाळी, चकत्या कापून तळलेली. आता मला शांत राहायचं कारण नव्हतं. मी त्या बाईला सांगितलं, की हे आमच्याकडे पण करतात, आम्ही चिंचगूळ घालतो, आणि आधी उंडे वाफवून घेतो, मग तळतो. तिनं कढईतला झारा थांबवून ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘दोनदा काम कशाला?’’

याला माझ्याजवळ उत्तर नाही. माझ्या आईजवळही नसणार.

मी ‘आमच्याकडे’ म्हणत होते तेही जरा जास्तच होतं, हे मला परतीच्या वाटेवर जाणवलं. तिची सहीना मालवणहून गेली नव्हती, मालवणात तिचं नातं लावायला मी कोण? पण अळूचं पान दिसलं की मला हक्क वाटतो खरा.

आणि अळूनं तिथे मला पुरतं गाठलं. पोर्ट ऑफ स्पेनमध्येच एका छोट्या खानावळीत दुपारी जेवायला गेलो. गल्ल्यावरच्या आजीबाई आफ्रिकी वंशाच्या. पातेल्यांपुढे उभं राहून बोट दाखवायचं. मॅकरोनी पाय, कोंबडीचा करपवलेल्या साखरेतला रस्सा, तळलेली पिकली केळी, आणि एका पातेल्यात हिरवंगार, गुळगुळीत काहीतरी. ‘‘कॅलालू.’’ मी एक चमचा तोंडात घातला. अळूचं फदफदं. नारळाचं दूध आणि भेंडी घालून मऊ शिजवलेलं, लाकडी रवीनं घुसळलेलं. रवी मी पाहिलीसुद्धा, झाडाच्या फांदीचीच, टोकाला पाच फाटे असलेली. मग दुसऱ्या चमच्यात खेकड्याची नांगी आली.

मी नांगीकडे बघत बसले. मालवणात अळू परसात, खेकडे व्हाळात, नारळ डोक्यावर. पावसाळ्यात तिन्ही एकदम, फुकट. तरी शेकडो वर्षांत आम्हाला हे का सुचलं नाही? कारण अळू पंक्तीचं. लग्नाचं, सणाचं, श्राद्धाचं. त्यात खेकडा घालणाऱ्या सुनेचं काय झालं असतं ते मी जाणते. इथे आफ्रिकेतून बांधून आणलेल्या बायकांनी मळ्याच्या कडेला जे उगवत होतं आणि जे ओहोळात हाताला लागत होतं, ते एका पातेल्यात शिजवलं. (जमैकात ‘कॅलालू’ मागितलंत तर माठासारखी पालेभाजी पुढे येते. बेट बदललं की शब्दाची भाजी बदलते.)

घसा खवखवेल का, असं मी आजीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘नीट शिजवलं नाही तर.’’ जगात कुठेही जा, अळूबद्दल बाई हेच सांगणार.

त्यानंतर मी ‘अस्सल’ हा शब्द जरा आवरून वापरू लागले. पेलाव नावाच्या भातात हिरवे दाणे होते, ते तुरीचे. लाल सोरेल सरबत म्हणजे आपल्या अंबाडीच्या जातीची बोंडं. पुढचे तीन दिवस शेजारच्या टोबॅगो बेटावर होतो. तिथे स्टोअर बेच्या टपऱ्यांवर खेकड्याची करी आणि कणकेचे जाड डंपलिंग खाल्ले, हात कोपरापर्यंत भरवून. समुद्रही होता, निळा होता, फोटोत आहे. पण मला आठवतो तो शेजारी मिळालेला नारळाच्या दुधात आटवलेला नीरफणस. माझ्या माहेरी त्याची कापं करतात, रवा लावून. वेस्ट इंडीजमध्ये तो विल्यम ब्लाय यांच्या जहाजातून ताहितीहून आला, १७९३ मध्ये. गुलामांना पोसायला स्वस्त अन्न हवं होतं म्हणून. त्यांनी सुरुवातीला तो तोंडात घेतला नाही. मला तो आवडतो असं मी तिथल्या बाईला सांगितलं, तेव्हा तिनं न विचारता आणखी वाढला. इतिहास तिला ठाऊक असणारच, पण पातेलं संपवायचं होतं.

निघायच्या दिवशी पियार्को विमानतळावर जाताना टॅक्सीवाल्यानं न सांगता गाडी क्युरेपला थांबवली. तीच छत्री, तोच हात. गर्दीत ह्यांनी पुढे होऊन दोन बोटं दाखवली. विकणाऱ्यानं मान वर न करता विचारलं, ‘‘पेपर?’’

हे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, ‘‘स्लाइट.’’

तेव्हा त्यानं मान वर केली, मला ओळखलं, आणि चमचा मिरचीच्या भांड्यापासून जरा लांबूनच फिरवला.