भुरीची भाकर आणि पिशवीची मागची बाजू

मागच्या दिवाळीनंतर आमच्या कुत्रीच्या, भुरीच्या पाठीवरचे केस गळायला लागले. आधी वाटलं, थंडीचे दिवस, मोसम बदलतोय. मग शेपटीच्या बुडाशी हाताच्या तळव्याएवढा चट्टा पडला आणि ती रात्रभर खाजवत बसायला लागली. भुरी गावठी आहे, चार वर्षांची, नसबंदी झालेली. अमळनेरला आमच्या गल्लीतच ती सापडली आणि आमचीच झाली. तोवर तिचं जेवण ठरलेलं होतं: सकाळी दुधात कुस्करलेली भाकर, रात्री आमच्या ताटातलं उरलेलं. शेवभाजी असेल त्या दिवशी रश्श्यात कालवलेली भाकर, आणि ती तिला सगळ्यात आवडायची.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा मी थेट विचारलं, दुकानात पिशवीत मिळतं ते कोणतं कोरडं खाणं चांगलं, नाव सांगा. त्यांनी नाव सांगितलं नाही. आधी अंगावरच्या गोचिडा काढल्या, जंताचं औषध दिलं, रक्त तपासायला पाठवलं. म्हणाले, खाज म्हटली की लोक आधी खाणं बदलतात, आणि गोचीड अंगावर तशीच राहते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पिशवी बदलून चट्टा गेला नाही म्हणून आणखी महागडी पिशवी घ्यायची, या चक्रात मीही सापडले असते.

त्यानंतर त्यांनी जेवणाची चौकशी केली. रश्श्याचं ऐकून त्यांचा चेहराच बदलला. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात, आणि शिजवला, भाजला, पूड केला तरी कांद्याचा तो गुण जात नाही. आपला खान्देशी काळा मसाला म्हणजे भाजलेला कांदा, खोबरं आणि लसूणच. इतकी वर्षं मी प्रेमाने तिला तेच वाढत होते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुधाचंही तसंच. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. भुरीला अधूनमधून पातळ व्हायचं ते बहुतेक त्यामुळेच. भाकरीबद्दल मात्र डॉक्टर सबुरीने बोलले. भाकर विष नाही, फक्त ती एकटी पुरत नाही. त्यात प्रथिनं कमी, चुना म्हणजे कॅल्शियम कमी, आणि धान्यात असणारं फायटेट जस्ताला धरून ठेवतं. जस्त कमी पडलं की त्याचा परिणाम कातडी आणि केसांवर दिसतो. वजन भरलं १३.२ किलो. तिच्या चणीला १६ हवं होतं. त्यांनी मला हाताची मूठ वळायला सांगितली. मुठीच्या हाडांवरून बोट फिरवल्यावर लागतं तशा बरगड्या लागल्या तर कुत्रं वाळलेलं, तळहातासारख्या लागल्या तर जाडं, आणि पालथ्या पंजासारख्या लागल्या तर ठीक. भुरीच्या बरगड्या मुठीसारख्या लागत होत्या.

घरी येऊन हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "आपली भाकर काय वाईट से का?" त्यांच्या माहेरी शेतावर चार-चार कुत्रे भाकरीवर जगले. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. २०१३ साली 'नेचर'मध्ये एक संशोधन आलं होतं. लांडग्यापासून कुत्रा होताना पिष्ट पचवण्याची ताकद त्याच्यात वाढली, हे त्यात जनुकांवरून दाखवलं होतं. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं राहिलेला प्राणी आहे तो. पण शेतावरचे ते कुत्रे उंदीर, घुशी, मेलेलं ढोरही खायचे, हे सासूबाईंनीच मग आठवून सांगितलं. आमची भुरी तर दारापुढच्या ओट्यावरून उतरत नाही.

पहिली चूक मी लगेच केली. बाजारात एका दुकानात गोणीतून सुटं मिळत होतं, लाल-पिवळ्या-हिरव्या दाण्यांचं, किलोवर. दोन किलो घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी भाकर पूर्ण बंद करून तेच दिलं. तीन दिवस जुलाब. त्यात खाण्याचा दोष किती आणि एकदम बदलल्याचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्या गोणीवर ना तारीख होती, ना घटक. गोणी किती दिवस उघडी होती, कोण सांगणार? ते रंगसुद्धा आपल्यासाठी असतात. कुत्र्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही.

मग पॅसेंजरने जळगावला गेले. धरणगाव, पाळधी मागे पडेपर्यंत वहीत प्रश्न लिहीत होते. तिथल्या मोठ्या दुकानात पाहिलं तर भिंतभर पिशव्या. पेडिग्री, ड्रूल्स, रॉयल कॅनिन, फार्मिना, आणि कितीतरी. समोरच्या बाजूला सगळीकडे धष्टपुष्ट कुत्रा, ताजं मांस, गाजरं. दुकानदार भाऊ म्हणाला, "ताई, हे घ्या, धान्य नसलेलं, सगळ्यात भारी." मला ते पटलं नाही. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशाच खाद्यांबाबत सावध केलं होतं. धान्याऐवजी वाटाणा, मसूर, बटाटा भरपूर असलेलं खाणाऱ्या काही कुत्र्यांमध्ये हृदय फुगण्याचा आजार दिसत होता. नेमकं कारण पक्कं झालेलं नाही. पण ज्वारी-बाजरीच्या मुलखातल्या, धान्यावर वाढलेल्या माझ्या कुत्रीला धान्याचं काही वावडं नसताना ती जोखीम मी का घेऊ?

मी पिशव्या उलट्या करून मागची बाजू वाचायला बसले. दुकानदाराने स्टूल दिलं, त्याचे आभार. तासभर वाचल्यावर थोडं थोडं उमगायला लागलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, पण ते वजन शिजवण्याआधीचं. ताज्या कोंबडीत सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणून "ताजी चिकन" पहिल्या नंबरावर असली तरी वाळल्यावर ती खाली घसरते. उलट "चिकन मील" म्हणजे आधीच वाळवलेलं, तिसऱ्या नंबरावर असलं तरी त्यात ऐवज असतो. एका पिशवीवर मका, मक्याचं ग्लुटेन, मक्याचा कोंडा असं वेगवेगळं लिहिलं होतं. तिन्ही एकत्र धरले तर मकाच पहिला झाला असता. आणि नुसतं "मांस व मांसजन्य पदार्थ" लिहिलेलं मला नको होतं. कोणत्या जनावराचं, ते कळायला हवं.

सगळ्यात महत्त्वाची ओळ बारीक अक्षरात असते: हे खाणं परिपूर्ण आहे का, आणि कोणत्या वयासाठी. अमेरिकेतल्या आफको किंवा युरोपातल्या फेडियाफ या संस्थांच्या मापांना धरून ते बनवलं असेल तर तसं लिहिलेलं असतं. आफको स्वतः कोणत्याही खाण्याला मंजुरी देत नाही, ती फक्त मापं ठरवते, हे मला आधी ठाऊक नव्हतं. तिच्या मापाप्रमाणे खाण्यातलं पाणी वजा करून पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला किमान १८ टक्के प्रथिनं आणि ५.५ टक्के चरबी लागते, वाढत्या पिल्लाला २२.५ आणि ८.५. (शेजाऱ्यांनी लॅब्राडोरचं पिल्लू आणलंय आणि पिल्लांच्या खाण्यावर वरून कॅल्शियमचं सिरप पाजताहेत. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियमने हाडांचा त्रास होतो. मी त्यांना दोनदा सांगितलं, इथेही सांगते.)

तीन पिशव्यांवर येऊन थांबले. फोटो काढून घरी आणले आणि नववीतल्या लेकीला हिशेबाला बसवलं. पहिलीत प्रथिनं २०, चरबी १०. दुसरीत २४ आणि १४. तिसरीत ३० आणि १८. कॅलरी फक्त एकीवर छापलेल्या. ग्राहक सेवेच्या नंबरवर फोन केला, तिथल्या मुलीला उत्तर ठाऊक नव्हतं. मग रीत शोधली. शंभरातून प्रथिनं, चरबी, तंतू, पाणी आणि राख (म्हणजे खनिजं) वजा केली की उरतं ते पिष्ट. राख लिहिलेली नसेल तर आम्ही ८ धरली. प्रथिनं आणि पिष्ट यांना साडेतीनने गुणायचं, चरबीला साडेआठने, आणि बेरीज करायची. शंभर ग्रॅममागे पहिलीच्या साधारण ३१२ कॅलरी निघाल्या, दुसरीच्या ३४३, तिसरीच्या ३६६.

आता भुरीला किती लागतात? जितकं वजन हवं, ती संख्या तीनदा एकमेकींशी गुणायची आणि दोनदा वर्गमूळ काढायचं. १६ गुणिले १६ गुणिले १६ म्हणजे ४०९६. वर्गमूळ ६४, पुन्हा ८. लेक इतकी खूश झाली की तिने वहीचं पान आजीला नेऊन दाखवलं. या आठाला सत्तरने गुणलं की ५६०, ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासाठी त्याच्या १.६ पट, म्हणजे ८९६. यातला दहावा हिस्सा वरकड खाण्याला सोडता येतो. म्हणजे सासूबाईंची भाकर बंद करायची गरजच नव्हती! नव्वद कॅलरी म्हणजे अर्ध्याहून थोडी कमी ज्वारीची भाकर, कोरडी, रस्सा न लावलेली. उरलेल्या ८०६ पिशवीतून.

तेव्हा भावाचं खरं चित्र दिसलं. किलोचा भाव बघून काही कळत नाही, रोजचा खर्च बघावा लागतो. पहिली किलोला २३० रुपये, रोज २५८ ग्रॅम लागणार, म्हणजे ५९ रुपये. दुसरी ४०० रुपये, २३५ ग्रॅम, ९४ रुपये. तिसरी ७६० रुपये, २२० ग्रॅम, १६७ रुपये. तिसरी महिन्याला पाच हजारांवर जात होती. आमच्या घरात ते चार महिने जमलं असतं, पुढे नाही, आणि दर चार महिन्यांनी खाणं बदलणं भुरीच्या पोटाला परवडलं नसतं. पहिली स्वस्त होती, पण तिच्यावर परिपूर्ण असल्याची ती ओळ कुठेच नव्हती, आणि मांस कशाचं तेही नव्हतं. दुसरी घेतली. डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी होकार दिला.

यावेळी घाई केली नाही. दहा दिवस लावले. पहिले तीन दिवस एक चतुर्थांश नवं, मग निम्मं, मग तीन चतुर्थांश. रोज शी बघायची आणि वहीत लिहायची. पाचव्या दिवशी जरा सैल झाली तर दोन दिवस तिथेच थांबले. कोरड्या खाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपासच असतं, आणि तिला तर सवय दुधाच्या काल्याची. म्हणून दाण्यांवर कोमट पाणी घालायला लागले आणि पाण्याची दोन भांडी ठेवली. भिजवलेलं उरलं तर अर्ध्या तासात उचलायचं.

केस यायला दोन महिने लागले. त्याआधी रोज चट्ट्यावरून हात फिरवायचे आणि काहीच वाटायचं नाही. मार्चमध्ये एका सकाळी उन्हात तिची पाठ चमकली, तेव्हा मी लेकीला हाक मारून बोलावलं. शेजारच्या व्यापाऱ्यांच्या कापूस मोजायच्या काट्यावर तिला चढवलं. १४.९.

आणि मग आला मे महिना. आमच्याकडचं ऊन काय असतं ते भुसावळ-जळगावकडच्या माणसाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसला टेकतो आणि पत्र्याखालची खोली भट्टी होते. स्वस्त पडते म्हणून मी १० किलोची पिशवी आणली होती. तिला ती बेचाळीस दिवस पुरणार होती. निम्मी संपली आणि भुरीने खाणं सोडलं. एकदा हुंगायची आणि तोंड फिरवायची. मला वाटलं उन्हामुळे भूक मेली. डॉक्टरांना फोन लावत होते, तेवढ्यात सासूबाईंनी पिशवीत हात घातला, चार दाणे नाकाशी नेले आणि म्हणाल्या, "माय वं! खवट वास यी ऱ्हायना. हाई काय दी ऱ्हायनी तू तिले?"

खवट! शेंगदाण्याचं तेल, खोबरं, दिवाळीची शेव खवट झाली की त्यांना दारातूनच कळतं. मी महिनाभर मागची बाजू वाचत होते आणि नाकाने एकदाही तपासलं नव्हतं. दाण्यांवर चरबीचा थर असतो. ती हवा आणि उष्णतेने बिघडते, आणि तिच्याबरोबर जीवनसत्त्वंही जातात. पावसाळ्यात ओल लागली की बुरशीची भीती वेगळी. उरलेलं सगळं टाकून दिलं. जवळपास दोन हजारांचं नुकसान झालं, पण ते तिच्या पोटात घालणं शक्यच नव्हतं.

तेव्हापासून साठवण सासूबाईंच्या हातात आहे. मार्च ते जून तीन किलोचीच पिशवी आणायची, ती तेरा दिवसांत संपते, किलोमागे थोडे जास्त पैसे पडतात ते पडू द्यायचे. प्लॅस्टिकच्या डब्यात ओतायची नाही, कारण डब्याला चिकटलेली जुनी चरबी नव्या खाण्यालाही लागते. मूळ पिशवीच तोंड दुमडून, चिमटा लावून धान्याच्या लहान कोठीत, आणि कोठी मधल्या घरात, पत्र्याखाली नाही. उघडल्याची तारीख त्या कोठीच्या झाकणावर खडूने लिहितात. जेवणाच्या वेळाही त्यांनीच बदलल्या, उन्हाळ्यात पहाटे सहा आणि रात्री साडेआठ. भुरी पुन्हा ताट चाटायला लागली.

आता श्रावण आहे. काट्यावर १५.८ भरली आणि बरगड्या पालथ्या पंजासारख्या लागतात. परवा नवी पिशवी आली. चित्र तेच, नाव तेच, भाव तोच. सवयीने उलटी केली तर चरबी १४ ऐवजी १२ छापलेली. लेकीने वही काढली, ३३३ कॅलरी आल्या, म्हणजे रोज २४२ ग्रॅम. मापाच्या फुलपात्रावर नेलपॉलिशची खूण केलेली आहे, ती सात ग्रॅमने वर सरकवली. सासूबाईंनी दाणे हुंगले, मान हलवली, आणि झाकणावर तारीख लिहिली.