एक मिलिमीटर कुठे गेला?

रविवार, रात्री साडेदहा. बोटांना अजून फेविकॉल आहे आणि नखांत सागाचा भुसा.

चपलांचं कपाट महिनाभर दाराशी तसंच उघडं-बोडकं उभं होतं. १८ मिलिमीटरचा प्लाय, समोरून कडेचे सगळे थर दिसायचे. लेक त्याला ‘वेफर बिस्किट’ म्हणते. इस्त्रीने चिकटणारी तयार पट्टी मिळते खरी, पण रोज चपला घासून ती उचकटणारच. म्हणून वखारीतून सागाची पट्टी चिरून आणलेली, २० मिलिमीटर रुंद, दोन सूत जाड. खाली-वर जेमतेम मिलिमीटरभर बाहेर राहते, ते नंतर रंध्याने उतरवायचं.

फळीचं माप आतून घेतलं, टेप एका बाजूला टेकवून: ५८८. मग पट्टीच्या टोकाला टेपची कडी अडकवली, ५८८ वर खूण केली, कापली. प्लायची कड फेविकॉल पिऊन टाकते, म्हणून आधी एक पातळ हात, दहा मिनिटांनी दुसरा. पट्टी दाबून मास्किंग टेपने बांधली आणि बाहेर आलेलं फेविकॉल ओल्या फडक्याने पुसलं. राहिलं तर तिथे पॉलिश धरत नाही. दुसरी फळीही तशीच उरकली. मागे सरकून बघते तर उजव्या टोकाला फट. नख घुसेल एवढी. दोन्ही फळ्यांना, अगदी सारखी!

दुपारी सुतारकाका त्यांचा रंधा न्यायला आले. फट बघून काही बोलले नाहीत, टेप उचलली आणि कडी हलवून पाहिली.

“ताई, ही कुणी ठोकली?”

मीच. गेल्या दिवाळीत. लुडबुडते म्हणून हातोडीचे दोन ठोके देऊन पक्की केली होती, आणि त्याचं मला कौतुकही होतं.

ती हलायलाच हवी म्हणाले. कडी स्वतःच्या जाडीएवढी मागे-पुढे होते. आतून टेकवली की आत जाते, बाहेरून अडकवली की बाहेर येते, म्हणून दोन्हीकडे माप बरोबर भरतं. माझी आतच अडकलेली. मग अडकवून मोजलं की कडीच्या जाडीएवढं लाकूड गायब.

तिसऱ्या पट्टीला टेप लावलीच नाही. पट्टी जागेवर धरली, कटरने खूण केली, केसभर लांब कापून पॉलिश पेपरवर घासत आणली. हलक्या ठोक्याने ‘टक्’ करून बसली. तो आवाज ऐकायला लेकीला आतून बोलावलं, तिने मान हलवली आणि परत गेली.

रंधा काकांनी संध्याकाळपर्यंत राहू दिला. एका ठिकाणी उलट्या रेषेने मारला आणि लांबट कपची उडाली. ती शोधून चिकटवण्यात अर्धा तास.

फटींत भुसा आणि फेविकॉल कालवून भरलंय. पॉलिशनंतर तेवढी जागा काळपट दिसणार. उजव्या कोपऱ्यात ह्यांचे बूट ठेवले तर झाकली जाईल. त्यांना अजून सांगितलेलं नाही.